अपूर्ण अर्जांचा विचार केला जाणार नाही

माझे बाबा रेल्वेत पाट्या रंगवायचे. स्टेशनच्या दोन्ही टोकांना पिवळ्या पाट्या असतात, काळ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली बारीक आकड्यांत समुद्रसपाटीपासूनची उंची, त्या. लहानपणी मला वाटायचं की ती उंची बाबाच ठरवतात. शाळेत बाईंनी पुण्याची उंची विचारली की मी हात वर करून पाचशे साठ मीटर सांगायचे आणि हा आमच्या घरचाच आकडा असल्याच्या थाटात खाली बसायचे. समुद्रसपाटी म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. समुद्र कुठेतरी खाली सपाट आणि गप्प पडलेला आहे, आपण त्याच्यापासून भरपूर वर आहोत, एवढं ज्ञान मला चांगली नोकरी लागेपर्यंत पुरलं.

हे आधी सांगायचं कारण असं की पुढे माझ्या हातून जे घडलं त्याचं मूळ या ज्ञानात आहे. 

मी तेव्हा हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. जिथे ऊस होता तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि ज्यांचा ऊस होता ते आता कंपन्यांना बसगाड्या भाड्याने देत होते. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे बिबवेवाडीत राहायला आले होते. रोज सकाळी मी दुचाकीने लुल्लानगरची चढण चढून, फातिमानगरच्या गर्दीत शिव्या गिळून ऑफिसात पोचायचे. परदेशातली कामं यायची. दातांच्या डॉक्टरांच्या वेळा ठरवणं, विम्याचे दावे, एकदा तर शर्यतीच्या घोड्यांची नोंदणी. आम्ही ना कधी ते डॉक्टर पाहिले, ना ते घोडे. काम मात्र चोख व्हायचं आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता.

त्यातच बेटांचं काम आलं. परदेशातला एक निधी होता. समुद्र चढत चाललाय, वादळं वाढलीत, तेव्हा लहान लहान बेटांवरच्या गावांनी स्वतःच बसून आपला आराखडा करावा आणि निधीने त्याला पैसे द्यावेत, अशी कल्पना. कोणाला विहिरीला कठडा हवा, कोणाला पावसाच्या पाण्याच्या टाक्या, कोणाला किनाऱ्यावर झाडं. गावाने अर्ज संगणकावर भरायचा, आणि आमच्या प्रोग्रॅमने पहिली छाननी करायची. अर्ज पूर्ण असला तर निधीच्या तज्ज्ञांकडे, अपूर्ण असला तर आल्या वाटेने परत. छाननीचा सगळा भाग माझ्याकडे होता. ऑफिसात सगळे मला 'बेटवाली' म्हणू लागले. समुद्र बघायला दोन दिवसांची रजा टाकावी लागणारी माणसं आम्ही, आणि आम्ही बेटं वाचवणार होतो.

मला अर्धवट भरलेल्या अर्जांचा मनापासून राग आहे. आमच्या पिढीने अर्जांच्या रांगांत अर्धं आयुष्य काढलं. कॉलेजचा प्रवेश, गॅस, टेलिफोन, रेशन, प्रत्येक अर्जाच्या तळाशी एक वाक्य ठरलेलं: अपूर्ण अर्जांचा विचार केला जाणार नाही. एकदा वडिलांचं मधलं नाव राहिलं म्हणून मला खिडकीवरून परत पाठवलं होतं आणि खिडकीमागच्या बाईंनी काय राहिलंय तेही सांगितलं नव्हतं. मी तेव्हा घरी येऊन रडले. पण शिकले काय, तर पुढच्या वेळी खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचं.

तेव्हा परत जाणाऱ्या अर्जावर काय मजकूर असावा हे माझ्यावर सोपवल्यावर मी तो इंग्रजीत लिहिला, पण आत्मा सदाशिव पेठेतल्या दारावरच्या पाटीचा होता. 'आपला अर्ज अपूर्ण आहे. पूर्ण करून पुन्हा पाठवावा. सूचना वाचाव्यात. याबाबत पत्रव्यवहार करू नये.' बस. कुठला रकाना राहिला, ते सांगायचं नाही. ज्याने भरला त्याने शोधावा.

आमचे सर म्हणाले, "थोडं पोलाइट करायचं का? क्लायंट फॉरेनचा आहे."

मी म्हटलं, "पोलाइटपणाने अर्ज पूर्ण होत नाही, सर."

सगळे हसले. माझा मजकूर तसाच राहिला. मला तो इतका आवडला होता की मी घरी येऊन बाबांनाही वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "ठसठशीत आहे. पण माणूस घाबरेल."

अर्ज यायला लागले. बेटांची नावं मला उच्चारता येत नसत, पण छाननी सुरळीत चालली होती. महिन्याभरात मदतीसाठी ठेवलेल्या पत्त्यावर एक पत्र आलं. पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या बाईचं. एकतीस घरांचं गाव. ती तिथल्या शाळेत शिकवायची आणि गावसभेचं लिखाणही तिच्याकडेच होतं. तिने लिहिलं होतं, आम्ही अर्ज दोनदा भरला, दोन्ही वेळा अपूर्ण म्हणून परत आला, काय राहिलं ते कृपा करून कळवावे.

पत्रव्यवहार करू नये असं स्पष्ट लिहिलेलं असताना तिने पत्र लिहिलं होतं. मी एका ओळीचं उत्तर दिलं. 'सर्व माहिती सूचनांमध्ये आहे. कृपया नीट वाचावे.'

तिचं उत्तर आलं नाही. अर्ज मात्र येत राहिला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. परत गेलेल्या अर्जांची यादी दर आठवड्याला माझ्यासमोर यायची आणि त्यात ते बेट असायचंच. आमच्याकडे चाचणीचं काम करणारा एक पोरगा होता, चंद्रपूरकडचा, अतिशय सज्जन. तो म्हणायचा, "मॅडम, तुमची मैत्रीण पुन्हा आली." मी त्यावर हसायचे. एकदा त्या अर्जाच्या शेरा रकान्यात नजर गेली, तर तिथे विचारलं होतं, 'समुद्रापासूनची उंची कुठल्या वेळची लिहावी? भरतीची की ओहोटीची? आणि पौर्णिमेची वेगळी द्यावी का?' मला वाटलं, कमाल आहे बाईची. समुद्रसपाटी म्हणजे समुद्रसपाटी, त्यात पौर्णिमा कुठून आली. मी ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या वेळी कोण कोण हसलं ते मला आठवतं, आणि सर्वांत मोठ्याने मी हसले हेही.

अर्जांची मुदत संपली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्या बेटाचा अर्ज नवव्यांदा आला आणि नवव्यांदा परत गेला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी उपमा करत होते आणि बाबा ओट्याशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना माझ्या ऑफिसातल्या गोष्टी ऐकायला आवडायच्या. मी त्यांना त्या बाईची गंमत सांगितली. नऊ वेळा अर्ज भरला, बाबा, आणि नऊ वेळा अपूर्ण. वर पौर्णिमेची उंची विचारते.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "काय उंची आहे तिच्या गावाची?"

"असेल काहीतरी. मी कशाला बघू?"

"म्हणजे तू बघितली नाहीस." बाबांनी चष्मा काढून पुसला. "अगं, मला एकदा किनाऱ्याकडच्या एका स्टेशनाची पाटी रंगवायला पाठवलं होतं. साहेबाने कागदावर उंची लिहून दिली होती. पाच, मग टिंब, मग चार. मला वाटलं, शाईचा डाग. आयुष्यभर घाटावरच्या पाट्या रंगवलेल्या, पाचशे, सहाशे. उंचीत टिंब असतं हे ठाऊकच नव्हतं. मी सरळ चोपन्न रंगवलं. साहेबाने अख्खी पाटी पुन्हा रंगवायला लावली. म्हणाला, टिंब गाळलंत तर गाव डोंगरावर जातं." मग त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या अर्जात टिंब बसतं का?"

मी बसतं म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्या रकान्याचा नियम माझ्याच हातचा होता आणि मी काय लिहिलं होतं ते मला अक्षरन् अक्षर आठवत होतं. पूर्णांक. फक्त पूर्णांक. लोक उंचीपुढे वाटेल तो पसारा लिहितील म्हणून मीच तसं ठरवलं होतं. टिंबापुढचं प्रोग्रॅम आपोआप छाटून टाकायचा. एक पूर्णांक सहा आलं तर एक. आणि शून्य पूर्णांक आठ आलं तर शून्य.

आणि शून्य म्हणजे आमच्या प्रोग्रॅमच्या लेखी रकाना रिकामा.

मी गॅस बंद केला. बाबा म्हणाले, "काय झालं?"  उपमा तसाच ठेवून मी दुचाकी काढली. रस्ता रिकामा होता तरी हडपसर येता येईना. वॉचमनने रविवारचं कारण वहीत लिहायला सांगितलं तेव्हा मी 'तातडीचे' एवढंच लिहिलं.

संगणक सुरू करून मी एक खोटा अर्ज भरला. सगळे रकाने भरले. उंचीपुढे शून्य, टिंब, आठ. पाठवला. पडद्यावर माझंच वाक्य आलं. आपला अर्ज अपूर्ण आहे. सूचना वाचाव्यात. याबाबत पत्रव्यवहार करू नये.

मी ते वाक्य कितीदा वाचलं माहीत नाही. मला धक्का बसला हे म्हणणं फारच सभ्य झालं.  समुद्र चढल्यावर जी गावं आधी बुडणार त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, आणि जे गाव सर्वांत बुटकं तेच नेमकं माझ्या चाळणीतून खाली पडत होतं. डोंगराळ बेटं झोकात पुढे गेली होती. मी परत गेलेल्या अर्जांची यादी काढून बसले. अशी आणखी तीन बेटं सापडली. त्यांनी एकेकदाच अर्ज केला होता. अपूर्ण म्हटल्यावर ती गप्प बसली होती. पत्रव्यवहार करू नये असं लिहिलेलं त्यांनी पाळलं होतं.

मग मी त्या बाईचे नऊ अर्ज छापून काढले आणि क्रमाने वाचले. तोवर मी एकही पूर्ण वाचलेला नव्हता. छाननी करणाऱ्याला अर्ज वाचावा लागत नाही, हीच तर आमच्या प्रोग्रॅमची खासियत होती.

पहिला अर्ज सुबक होता. गावात पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, ती किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. मोठ्या भरतीला लाट विहिरीच्या तोंडाशी येते. तिला दगडी कठडा, शाळेच्या छपराचं पाणी साठवायला दोन टाक्या, आणि पडझड होणाऱ्या किनाऱ्यावर लावायला झाडं. विहीर एकदा खारी झाली की गावाला उठावं लागेल, असं सरळ लिहिलं होतं. त्यात काहीही राहिलेलं नव्हतं. पण अपूर्ण म्हणून परत आल्यावर त्यांना वाटलं, आपलंच काही राहिलं. दुसऱ्या अर्जाला हाताने काढलेला नकाशा जोडला होता. चौथ्यात, लाट आली तर कोणी कोणाला उचलायचं त्याची यादी होती. दोन म्हाताऱ्यांना चालता येत नव्हतं, एकीला पुतण्या उचलणार होता आणि दुसरीला शेजारीण. सहाव्यात होड्या आल्या. सातव्यात नारळाची झाडं, एकेक करून, कुठलं झाड किनारा धरून आहे आणि कुठल्याची मुळं उघडी पडलीत. प्रत्येक वेळी तळाशी गावसभा भरल्याची नोंद आणि अंगठे, सह्या. म्हणजे 'अपूर्ण आहे' हे माझं वाक्य घेऊन अख्खं गाव दर वेळी एकत्र बसत होतं आणि काय राहिलं ते आठवत होतं.

नवव्या अर्जात कबरी होत्या. सत्तेचाळीस नावं, कोण कुठे पुरलंय त्यासकट. शेरा रकान्यात तिने लिहिलं होतं, 'आम्ही पुन्हा सगळे बसलो. आमची मेलेली माणसं लिहायची राहिली होती. आता कोणी राहिलं नाही असं वाटतं.'

मी ऑफिसात एकटीच होते. मी रडले, आणि कोणी बघत नाही याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सोमवारी मी सकाळी लवकर गेले. आपली सकाळ म्हणजे तिथली दुपार. अर्जावर गावातल्या दुकानाचा फोन नंबर होता. बेटावर तेवढा एकच फोन. बऱ्याच खटपटीने लागला, तिला बोलावून आणेपर्यंत मी लाटांचा आवाज ऐकत बसले. तो खरंच लाटांचा होता की लाइनचा, कोण जाणे. आम्ही इंग्रजीत बोललो. दोघींचंही इंग्रजी शाळेतलं होतं, त्यामुळे काही अडलं नाही.

मी सांगितलं की मी छाननीच्या कार्यालयातून, भारतातून बोलते आहे. ती लगेच म्हणाली, "पत्र लिहू नये असं होतं, तरी मी लिहिलं. त्याबद्दल फोन केलात का?"

"नाही. तुमचा अर्ज पूर्ण होता."

"नववा?"

"पहिला."

 मी घाईघाईने टिंबाचं सांगितलं, पूर्णांकाचं, शून्याचं. चूक माझी आहे, तुमची नाही, असं दोनदा म्हटलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ते शून्य तुम्ही मोजलेलं नव्हतं?"

मला प्रश्न कळला नाही.

"परत आलेल्या प्रत्येक कागदावर आमच्या उंचीपुढे शून्य असायचं," ती म्हणाली. "मी शून्य पूर्णांक आठ लिहायचे, तुमच्याकडून नुसतं शून्य यायचं. लोक म्हणाले, त्यांच्याकडे आकाशातून मोजायची यंत्रं आहेत, त्यांना बरोबर माहीत असणार. मी तो कागद सभेत वाचून दाखवायचे. माझं कामच होतं ते."

"मग?"

"पाच घरं गेली. मोठ्या बेटावर, नातेवाइकांकडे. जी जमीन कागदावर बुडाली तिथे पोरं कशाला वाढवायची, म्हणाले."

 मी आळशी नव्हते, दुष्ट नव्हते, माझा प्रोग्रॅम वेळेत पूर्ण झाला होता आणि त्यात एकही चूक सापडली नाही म्हणून आम्ही पेढे वाटले होते. आणि माझ्या हडपसरच्या टेबलावरून मी पाच घरांना गाव सोडायला लावलं होतं. अशा गोष्टीला काय म्हणायचं ते मला तेव्हाही कळलं नाही.

तिने विचारलं, "तुमचं गाव समुद्रापासून किती उंच आहे?"

"पाचशे साठ मीटर."

"बरंच उंच आहे," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. पुण्यात कोणी असं बोललं असतं तर टोमणा असता, म्हणून मी वाट बघत राहिले, पण तो आलाच नाही. मग ती म्हणाली, "मला हे कागदावर द्या. अर्ज पहिल्या दिवसापासून पूर्ण होता, असं. तुमच्या सहीचं. गावाने लिखाणाचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. नऊ वेळा चुकले म्हणून."

सर आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कामाचा झाला. चाचणी कोणी केली होती, असं त्यांनी विचारलं. चंद्रपूरचा पोरगा पुढे आला. घाबरला की तो गावाकडचं बोलायचा.

"मॅडम, मी तर सगळ्याच अर्जांत पाचशे साठ टाकून राहिलो होतो. काहीतरी आकडा टाकायचा म्हणून. आपल्या पुण्याचा टाकला."

म्हणजे आमच्या चाचणीतली सगळी बेटं पुण्याच्या उंचीवर होती. कोणाला हसू आलं नाही.

सर म्हणाले, "रकाना दुरुस्त कर. पण लेखी काही द्यायचं नाही. आधी क्लायंटशी बोलू, लीगलला विचारू. आणि तू फोन का केलास?"

"पत्रव्यवहार करू नये असं लिहिलंय, म्हणून फोन केला."

एरवी मी अशी बोलल्यावर ते हसायचे. त्या दिवशी केबिनमध्ये निघून गेले. मी जेवणाच्या सुट्टीत पत्र लिहिलं, एक त्या बाईला, एक निधीच्या कार्यालयाला, चारही बेटांची हकिकत लिहून, खाली माझं पूर्ण नाव. टपालाने पाठवलं आणि ईमेलनेही. नोकरी जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. माझा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाला समजत नव्हता, हेच माझं कर्तृत्व आडवं आलं.

निधीचं उत्तर शांत आणि व्यवस्थित होतं. त्रुटी निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार. बंद झालेली अर्जांची फेरी पुन्हा उघडता येत नाही. चारही बेटांनी पुढच्या वर्षी अर्ज करावा, त्यांना प्राधान्य मिळेल. पुढचं वर्ष. मी ते बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "हेही तुझ्यासारखंच लिहितात."

मी रकाना दहा मिनिटांत दुरुस्त केला. दहा मिनिटांचं काम होतं. आता टिंब चालत होतं, शून्य चालत होतं, उणे आकडाही चालत होता. चंद्रपूरच्या पोराने दिवसभर बसून शून्य पूर्णांक एकपासून सगळे आकडे टाकून पाहिले. परत जाणारा प्रत्येक अर्ज मी स्वतः वाचणार, असं मी सरांकडून कबूल करून घेतलं. तो मजकूर मात्र बदलायचा राहिला. निधीने मंजूर केलेला मजकूर बदलायला तीन सह्या लागत होत्या आणि तिसरी मिळत नव्हती.

माझं पत्र सभेत वाचलं गेलं आणि लिखाणाचं काम तिच्याकडे परत आलं, एवढं तिने कळवलं. गेलेल्या घरांबद्दल काही लिहिलं नव्हतं. नंतर वादळाच्या दिवसांत तिचं आणखी एक पत्र आलं, दोन ओळींचं. विहिरीत समुद्र आला. पाणी मोठ्या बेटावरून होडीने आणतो.  मी उत्तरात, अर्ज लवकर करा, या वेळी अडचण येणार नाही, असं लिहिलं. माझा त्यावर खरंच विश्वास होता.

पुढच्या वर्षी अर्ज सुरू झाले त्या आठवड्यात चंद्रपूरचा पोरगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "मॅडम, तेच बेट. अपूर्ण म्हणून परत चाललंय."

शक्य नाही, असं मी म्हटलं. मी अर्ज उघडला. उंचीचा रकाना पाहिला. शून्य, टिंब, आठ, सगळं जागेवर. गावाचं नाव, नकाशा, आराखडा, सगळं भरलेलं. आराखड्यात या वेळी विहीर नव्हती, टाक्या नव्हत्या. कबरींभोवती दगडी बांध मागितला होता, आणि खाली तीच सत्तेचाळीस नावं. अर्ज मोठ्या बेटावरून भरलेला होता. मी एकेक रकाना खाली जात राहिले आणि लोकसंख्येच्या रकान्यापाशी थांबले.

तिथे शून्य होतं.

मी फक्त उंचीचा रकाना दुरुस्त केला होता. लोकसंख्येच्या रकान्यात शून्य म्हणजे अजून रिकामंच होतं. ज्या बेटावर कोणी नाही ते बेट अर्ज कशाला करेल, असं मला वाटलं असणार. खरं म्हणजे वाटलंही नव्हतं, तो रकाना माझ्या डोक्यातच आला नव्हता. पोरगा मागे उभा होता. त्याने हळूच विचारलं, "एरर आहे का, मॅडम? राहिलंय का भरायचं?"

मी शेऱ्याच्या रकान्याकडे बोट केलं. तिने तिथे तीन छोटी वाक्यं लिहिली होती.

'लोकसंख्येचा रकाना राहिलेला नाही. शून्य लिहिलं आहे. कृपया नीट वाचावे.'

शेवटचं वाक्य माझं होतं. माझ्या पहिल्या उत्तरातलं, जसंच्या तसं.